आमच्या गाडीची थरथर

आमच्या धर्मग्रामाच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली, एक जुनी डिझेल गाडी उभी असते. ती घेतली तेव्हा तिच्यात तेरा आसने होती. धर्मग्रामातील सुतारकाम जाणणाऱ्या दोघातिघांनी मागची काही आसने काढून तेथे समोरासमोर दोन बाक बसवले. मध्ये फळ्या टाकल्या की रात्री त्याच बाकांचा बिछाना होतो. बाकांखाली पाण्याची टाकी, कोपऱ्यात गॅसची शेगडी, वर सामानाची फडताळे आणि दाराशी मिस्साचे साहित्य ठेवण्याची पेटी, अशी तिची मांडणी आहे. परदेशात अशा गाडीला कॅम्पर व्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा तसले शब्द वर्तमानपत्रांतून आमच्याही वाचनात आले. आमची मुले मात्र तिला ‘फिरते घर’ म्हणतात, आणि ते नाव तिला शोभते. मोहोळ, बार्शी, अक्कलकोट या बाजूंना विखुरलेल्या कुटुंबांकडे मिस्सासाठी जायचे असो, किंवा सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जायचे असो, आमच्या वृद्ध माताभगिनींना पाठ टेकायला जागा देणारे वाहन आमच्याजवळ हेच एक आहे.

या गाडीच्या ब्रेकला २०२५ च्या जानेवारीत थरथर सुटली. हा लेख त्या थरथरीविषयी आहे. धर्मगुरूने यंत्राच्या दुखण्यावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्या पुष्कळ कुटुंबांत आता चारचाकी वाहन आले आहे, आणि हे दुखणे कोणाच्याही दारी येऊ शकते. दुसरे असे की, या दुखण्याचे निदान करताना आमच्या हातून एका भल्या माणसावर अन्याय झाला. तो ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने सांगणे आम्हांस योग्य वाटते.

आम्ही सोलापुरात बदलून येण्याच्या कितीतरी आधीपासून गाडीचे सारथ्य एकच गृहस्थ करीत आले आहेत. सारे धर्मग्राम त्यांना ‘मामा’ म्हणते. वयाने ते आमच्याहून चारच वर्षांनी मोठे असले तरी आम्हीही मामाच म्हणतो. तर त्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेची गर्दी शहरात असताना, मोहोळकडची मिस्सा आटोपून आम्ही पुणे महामार्गाने परतत होतो. गाडी ताशी ऐंशीच्या वेगात होती. पुढचा ट्रक मंदावला म्हणून मामांनी ब्रेक दाबला, आणि स्टिअरिंग त्यांच्या हातांत डावी-उजवीकडे थरथरू लागले. फडताळातील पेले किणकिणले, मागे झोपलेल्या आजी दचकून उठल्या. वेग चाळीसच्या खाली उतरताच सारे शांत झाले.

“फादर, पुढच्या डिस्कला काहीतरी झालंय,” मामा म्हणाले, “उद्याच दाखवून घेऊ या.”

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतःच गाडी एका गॅरेजात नेली. तेथील कारागिराने चाक काढले, डिस्ककडे पाहिले आणि क्षणात निकाल दिला : “डिस्क वाकल्यात. ड्रायव्हर ब्रेकवर उभा राहतो वाटतं.” दोन्ही डिस्क लेथवर घासून, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘टर्निंग’ करून, बसवल्या गेल्या. थरथर थांबली. बिल मात्र पालकीय सभेपुढे ठेवावे लागले. एका सभासदाने खर्चाचे कारण विचारले, तेव्हा आम्ही म्हणालो, “मामांचा पाय जरा जड आहे.” त्याच वेळी मामा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यांनी चहा सर्वांपुढे ठेवला आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा झाल्यावर त्यांनी गाडीची चावी आमच्या टेबलावर ठेवली. “फादर, आता वयही झालं. कुणी हलक्या पायाचा बघा,” एवढेच ते बोलले. आम्ही त्यांना थांबा म्हणालो, पण मनापासून नव्हे. आमच्या मते निदान झालेले होते.

पुढे रोजंदारीवर एक तरुण चालक आला. त्याचा पाय खरोखर हलका होता. तरीही मार्च संपता संपता तीच थरथर परतली. त्याच गॅरेजात डिस्क पुन्हा लेथवर चढल्या. ईस्टरनंतर तिसऱ्यांदा थरथर आली, तेव्हा नव्या डिस्क विकत घेतल्या. जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या सुमारास, नव्या डिस्कही थरथरू लागल्या. एव्हाना धर्मग्रामाचे अठरा हजार रुपये खर्ची पडले होते, आणि ते लोकांच्या रविवारच्या दानातून आलेले होते.

गुरुविद्यालयात असताना आम्ही तर्कशास्त्र शिकलो. एखादी गोष्ट दुसरीच्या मागून घडली म्हणून ती पहिलीमुळेच घडली असे मानू नये, हा त्यातला अगदी आरंभीचा धडा. आपल्या परंपरेत त्याला काकतालीय न्याय म्हणतात : कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर दोष कावळ्याला. थरथर पहिल्यांदा जाणवली तेव्हा चाकामागे मामा होते, म्हणून दोष मामांना. मामा गेले आणि थरथर राहिली, एवढ्यावरून तरी आम्ही सावध व्हायला हवे होते. पण आपण एकदा उच्चारलेले निदान मागे घेणे माणसाला फार जड जाते, आणि चारचौघांत उच्चारलेले तर अधिकच.

जुलैत एका धर्मग्रामस्थाच्या सांगण्यावरून आम्ही अक्कलकोट रस्त्यावरील एका लहानशा वर्कशॉपमध्ये गाडी नेली. तेथील मिस्त्रींचे वडील नरसिंगगिरजी गिरणीत फिटर होते. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि हातात वडिलांकडून आलेली मोजमापाची शिस्त, असा तो माणूस. त्यांनी पान्याला हात लावण्याआधी आम्हांस प्रश्न विचारायला सुरुवात केली.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येते की एरवीही? एरवीही येत असेल तर ब्रेकच्या आधी टायरचे बॅलन्सिंग आणि रिम पाहावी. थरथर हातांत येते की बुडाखाली? स्टिअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. आसन आणि तळ हलत असेल तर मागच्या. ब्रेकचे पेडल पायाला ठोके देते का? कोणत्या वेगाला जास्त, कोणत्या वेगाला नाही? थंड असताना येते की काही वेळ ब्रेक वापरल्यावर? आमची उत्तरे ऐकून ते गाडीत बसले आणि मोकळ्या रस्त्यावर, ताशी तीस-चाळीसच्या वेगात, हँडब्रेकचे बटण दाबून धरून त्यांनी तो दांडा हळूहळू ओढला. आमच्या गाडीत हँडब्रेक केवळ मागच्या ड्रमांवर चालतो. गाडी न थरथरता मंदावली. “मागचे ड्रम चांगले हायेत,” ते म्हणाले. एक रुपयाही खर्च न होता अर्धे दुखणे बाजूला निघाले.

मग गाडी जॅकवर चढली. चाक वर-खाली धरून हलवून त्यांनी बेअरिंग पाहिले, पहारीने दाबून बॉल जॉइंट आणि बुश पाहिले. हे भाग झिजले असतील तर ते स्वतः थरथर निर्माण करीत नाहीत, पण बारीक थरथर मोठी करून हातापर्यंत पोहोचवतात. ते ठीक होते. मग त्यांनी डिस्कला डायल गेज लावले आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. काटा हलला : ०.१४ मिलिमीटर. म्हणजे डिस्क फिरताना एवढी डोलत होती. साधारणपणे हे डोलणे ०.०५ ते ०.१० च्या आत असावे लागते. नेमकी मर्यादा प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत असते. नंतर मायक्रोमीटरने डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजली. सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ जागेत ०.०३ मिलिमीटरचा फरक निघाला. आमच्या डोळ्याला तो दिसणे शक्य नव्हते; केसाची जाडी याच्या दुपटीहून अधिक असते. पण एवढा फरक माणसाच्या हाताला पुरेसा जाणवतो. जाड जागा पॅडखाली आली की पकड घट्ट, पातळ आली की सैल, आणि ताशी ऐंशीच्या वेगात आमचे चाक सेकंदाला सुमारे दहा फेरे घेते. एका सेकंदात दहा वेळा घट्ट-सैल होणारी पकड म्हणजेच ती थरथर.

“म्हणजे डिस्क वाकलीच ना?” आम्ही विचारले.

“वाकली असती तर काढून पुन्हा बसवल्यावर तेवढीच डोलली असती. आता बघा की, फादर.” त्यांनी डिस्क उतरवली. ज्या हबच्या तोंडावर ती टेकते तेथे गंजाची खपली होती. पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश घेऊन त्यांनी ती जागा चकचकीत केली, डिस्क एक भोक पुढे सरकवून बसवली आणि पुन्हा गेज लावले. काटा ०.०४ वर आला. डिस्क सरळच होती. ती तिरकी बसवली गेली होती. नव्या डिस्क बसवणाऱ्याने हब साफ केला नव्हता, आणि चाकाचे नट लांब पाइप लावून, एकापाठोपाठ एक, हवे तसे आवळले होते. तिरकी बसलेली डिस्क पहिल्या दिवशी थरथरत नाही. पण ब्रेक दाबलेला नसतानाही तिची एक बाजू प्रत्येक फेऱ्यात पॅडला घासत राहते आणि तेवढ्याच जागी झिजते. दोन-चार हजार किलोमीटरनंतर जाडीत फरक पडतो, आणि मग थरथर जाणवू लागते. म्हणूनच दुरुस्ती झाल्या दिवशी सारे ठीक वाटायचे, आणि काही आठवड्यांनी दुखणे परत यायचे.

आमचे मन हलके झाले. दोष हबच्या गंजाचा होता. आम्ही तसे बोलूनही दाखवले. मिस्त्री मात्र गाडीच्या पेटीतून आमच्या पहिल्या, काढून टाकलेल्या डिस्क बाहेर काढून पाहत होते. भंगारात चार पैसे येतील म्हणून आम्ही त्या जपून ठेवल्या होत्या. दोनदा लेथवर चढूनही त्यांवर पॅडच्या आकाराचे काळसर डाग उरले होते, आणि कडेला निळसर झाक होती. मिस्त्रींनी कानस घेतली. स्वच्छ जागी ती लोखंडाला चावे; डागावर मात्र काचेवरून घसरावी तशी घसरे.

“फादर, ही डिस्क घाटात जळालीय,” ते म्हणाले, “आणि खाली येऊन कुणीतरी ब्रेक दाबून उभं राहिलंय. घाट कुणी उतरवला?”

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक होते.

गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी खुले होते. ते २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात होते. डिसेंबरात आमचे ‘फिरते घर’ बारा यात्रिक, भरलेली पाण्याची टाकी, गाद्या आणि शिधा घेऊन निघाले. टाकळीचा भीमेवरचा पूल ओलांडून विजापूर, तेथून बेळगाव. रात्रभर मामा चालवीत होते. पहाटे जांबोटीच्या पुढे, मलप्रभेच्या उगमाच्या कणकुंबी गावापाशी, चहासाठी थांबलो तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. आम्ही म्हणालो, “मामा, तुम्ही मागे पडा. घाट आम्ही उतरवतो.” आमच्याजवळ परवाना आहे, आणि गाडी चालवण्याची आम्हांस हौसही आहे. शिवाय धर्मग्रामाचे डिझेल वाचवण्याची एक युक्ती आम्हांस सुचली होती. चोर्ला घाटाच्या उतारावर आम्ही गाडी कधी वरच्या गिअरमध्ये, तर कधी चक्क न्यूट्रलमध्ये ठेवली आणि वेग केवळ ब्रेकने आवरला. वळणामागून वळणे, आणि पाय सतत पेडलवर. केरीच्या बाजूला उतरलो तेव्हा जळका वास येत होता. तो पुढच्या ट्रकचा असेल असे आम्ही मानले. त्यानंतर वाहनांची रांग लागली, आणि त्या रांगेत पाच-सात मिनिटे आम्ही ब्रेक घट्ट दाबून उभे होतो. नंतर साखळीमार्गे जुन्या गोव्याला पोहोचलो, से कॅथेड्रलमध्ये दर्शन झाले, आणि त्या आनंदात तो वास आम्ही विसरून गेलो.

वास विसरला गेला, पण लोखंडाने नोंद ठेवली होती. ब्रेकचे काम म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणे. ढोबळ हिशेब करू. साडेतीन टन वजनाची गाडी पाचशे मीटर खाली उतरली, तर तिच्या वजनातून सुटणारी ऊर्जा सुमारे पंचावन्न-साठ लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. तिचा काही भाग वारा आणि टायर खातात. गाडी गिअरमध्ये असेल तर मोठा भाग इंजिन खाते. आम्ही इंजिनाला वगळले, तेव्हा उरलेली जवळजवळ सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये, आणि त्यातही मुख्यतः पुढच्या दोन डिस्कांत शिरली. एवढ्या तापात पॅडमधील द्रव्य मऊ होऊन डिस्कवर चिकटते. गाडी चालती असेल तर ते सर्वत्र सारखे पसरते. पण तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभे राहिले तर एकाच जागी ठसा उमटतो. ठशाच्या जागी घर्षण वेगळे, म्हणून पुढच्या वेळी तीच जागा अधिक तापते. ताप साडेसहाशे-सातशे अंशांपलीकडे गेला की त्या जागेचे बिडाचे लोखंड स्वरूप बदलून काचेसारखे कठीण होते. लेथचे हत्यार ती कठीण गाठ पुरती कापू शकत नाही. वरून सपाट दिसते, पण आजूबाजूची मऊ जागा झिजत जाते आणि गाठ पुन्हा वर येते. आमच्या पहिल्या डिस्क दोनदा टर्निंग करूनही सुधारल्या नाहीत त्याचे कारण हे होते.

आणि वाचवलेले डिझेल? मिस्त्री हसून म्हणाले, “उताराला गाडी गिअरमध्ये असली आन् पाय अॅक्सिलरेटरवरनं काढला, की इंजिन डिझेल घेतच नाही. चाकंच त्याला फिरवतात. न्यूट्रल केलं की त्याला चालू राहायला डिझेल लागतंय.” आमच्या काटकसरीने एक थेंबही वाचवला नव्हता, आणि बारा जणांचा जीव धोक्यात घातला होता. ब्रेकचे तेल हवेतील पाणी शोषून घेते. साधारण वापरातले ‘डॉट ३’ तेल नवे असताना २०५ अंशांच्या वर उकळते. पाणी मुरल्यावर मात्र १४० अंशांनाही उकळू शकते. तेल उकळून वाफ झाली की पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. आम्ही थरथरीवर सुटलो.

त्या दिवशी मिस्त्रींनी केलेले काम थोडक्यात सांगतो, म्हणजे वाचकांना आपल्या गाडीसाठी काय मागायचे ते कळेल. नव्या डिस्कवर कठीण डाग नव्हते आणि तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पुष्कळ जाड होती, म्हणून तिला लेथवर अगदी हलका हात दिला. पॅड नवे घातले, कारण जुन्या पॅडवर जुने व्रण असतात. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या साफ करून, त्यासाठीचेच ग्रीस लावले; पिन अडकली तर पॅड डिस्कला सोडत नाही. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, ठरलेल्या जोराने आवळले आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला बोलावले. शेवटी त्यांनी नवे पॅड ‘बसवायला’ शिकवले : मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगातून पंधरापर्यंत, पूर्ण न थांबता, मध्यम जोराने दहा वेळा ब्रेक लावावा, आणि मग ब्रेक न दाबता काही किलोमीटर गाडी चालवून डिस्क थंड होऊ द्याव्या.

उरलेली पथ्ये चालवणाऱ्याची आहेत. जो गिअर घाट चढायला लागतो त्याच गिअरमध्ये घाट उतरावा. ब्रेक सतत धरून ठेवू नये; नेमका लावावा, वेग आवरला की सोडावा, आणि डिस्कला वारा खाऊ द्यावा. खाली उतरल्यावर लगेच थांबू नये. एक-दोन किलोमीटर सावकाश चालवावे. थांबावेच लागले तर पाय दाबून न ठेवता जागा बघून गाडी किंचित पुढे सरकू द्यावी. ड्रम तापलेले असताना हँडब्रेक ओढून ठेवला तर थंड होताना ड्रम लंबगोल होण्याची भीती असते. म्हणून सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. तापलेल्या चाकांवर पाणी मारू नये. आमच्यासारखी गाडी, जी आठवडेच्या आठवडे झाडाखाली उभी असते, तिच्या डिस्कवर पावसाळ्यात गंज चढतो आणि पॅडखालची जागा तेवढी वेगळी राहते. म्हणून आठवड्यातून एकदा तिला चार-पाच किलोमीटर फिरवून आणावे आणि हलके ब्रेक लावावे. प्रवासाला लागेल तेवढेच पाणी टाकीत भरावे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि तेही ब्रेकलाच आवरावे लागते. ब्रेकचे तेल दोन वर्षांनी बदलावे.

गाडी घेऊन आम्ही तडक मामांच्या घरी गेलो. ते विजापूर वेशीच्या पलीकडे राहतात. मामी चहा ठेवायला आत गेल्या. आम्ही म्हणालो, “मामा, चोर्ला घाटात गाडी आम्ही चालवीत होतो. डिस्क तिथे जळाली.”

“माहीत होतं, फादर,” ते म्हणाले. “मी मागं पडलो होतो, पण जागाच होतो. वास आला होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“घाटात चालवणाऱ्याला टोकू नये. त्याचं लक्ष जातं. गाडीत बारा माणसं होती. खाली उतरल्यावर सांगणार होतो, पण तुम्ही सगळे दर्शनाच्या आनंदात होता.”

“आणि नंतर? सभेच्या दिवशी?”

मामांनी बशीतला चहा फुंकला. “त्या दिवशी तुमचं बोलणं आधी झालं होतं.”

आम्ही चावी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. रागाने नव्हे, अगदी सौम्यपणे ते म्हणाले, “फादर, तुम्ही माफी मागितली, माझ्या मनात काही नाही. पण बोलला होता ते चारचौघांत.”

घरी परतताना आम्हांस उमगले की, आम्ही मामांच्या दारी गेलो होतो ते आमच्या सोयीची माफी घेऊन. आयुष्यभर इतरांची पापे ऐकून, ज्याचे घेतले त्याला परत द्या असे सांगत आलेले आम्ही, माणसाचे चारचौघांत घेतलेले नाव मात्र चहाच्या कपाबरोबर एकांतात परत करायला निघालो होतो.

ऑगस्टच्या पालकीय सभेत खर्चाचा विषय आम्हीच काढला. अठरा हजारांतला पहिला भाग आमच्या पायाने खर्च झाला आणि उरलेला कारण न शोधता केलेल्या दुरुस्तीने. मामांचा त्यात काहीही दोष नव्हता, आणि त्यांच्याविषयी आम्ही जे बोललो ते खोटे होते, असे आम्ही सांगितले. जुनी डिस्क टेबलावर ठेवली आणि कानस फिरवून दाखवली. सभासद गप्प होते. मग एक आजोबा म्हणाले, “फादर, आमच्याही घरात अशा पुष्कळ डिस्क वाकल्यात.” सगळे हसले, पण ते हसू लगेच ओसरले. त्या रात्री बाहेर खुर्च्या उचलायला मामा आले होते. खुर्च्या रचून झाल्यावर त्यांनी खिळ्यावरची चावी काढून खिशात घातली.

सप्टेंबरात आम्ही हरेगावला जाऊन आलो. टेंभुर्णी, करमाळा, अहिल्यानगर, राहुरी. ये-जा सारी झाली, पेले किणकिणले नाहीत. पुढे ऑक्टोबरात धाराशिवकडची मिस्सा आटोपून आम्ही संध्याकाळी तुळजापूरचा घाट उतरत होतो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत होती. मामांचा पाय अधूनमधून पेडलला स्पर्श करी आणि लगेच उचलला जाई. आम्ही शेजारी बसून मोजत होतो. वळणागणिक एकदा, फार तर दोनदा. घाट संपला तरी ते थांबले नाहीत. दीड-दोन किलोमीटर सावकाश चालवून, रस्त्याकडेच्या एका सपाट जागी त्यांनी गाडी उभी केली, गिअर टाकला आणि हँडब्रेकला हात न लावता आमच्याकडे पाहिले.

“फादर, दगड लावा,” ते म्हणाले.

आम्ही खाली उतरून दगड शोधला आणि चाकाला लावला.